घोडबंदरच्या खाडीवरचे लांब चोचीचे पाहुणे

घोडबंदर रोड म्हटले की आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला आधी ट्रॅफिक आठवते. निकाहला निघालेले पाहुणे वलीम्याला पोहोचतात, असा विनोद आमच्या घरात या रस्त्यावरून नेहमी होतो. माजिवड्याच्या नाक्यापासून पश्चिमेकडच्या फाऊंटनच्या नाक्यापर्यंत जेमतेम वीस किलोमीटरचा हा रस्ता. पण गुजरातकडे जाणारे कंटेनर, भिवंडीच्या गोदामांतून निघालेले टेम्पो, शाळांच्या बस आणि आता मेट्रोचे खांब या सगळ्यांना तो एकटा पुरा पडत नाही. गाडीतली माणसे पुढच्या ट्रकच्या पाठीवरची शायरी वाचत बसतात. उजव्या हाताला काय आहे हे बघायला कोणाला उसंत नसते.

उजव्या हाताला खाडी आहे. डाव्या हाताला येऊरचा डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, उजवीकडे उल्हास नदीचे रुंद मुख आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत हा रस्ता व त्याच्या कडेची मोठी वस्ती. आपल्या महाराष्ट्रात एका बाजूला बिबट्याचे रान आणि दुसऱ्या बाजूला भरती-ओहोटीचा चिखल असलेले रस्ते फार नाहीत. या खेपेला आम्ही ठरवून या रस्त्यावरून गेलो ते त्या चिखलासाठी आणि चिखलावर जगणाऱ्या एका लांब चोचीच्या पाहुण्यासाठी.

कल्याणहून गायमुख

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवराबायको, अम्मी, नववीत शिकणारी मुलगी आणि धाकटा भाऊ. भावाला घोडबंदर रोडला फ्लॅट बघायचा होता. मुलीला शाळेत पाणथळ जागांवर प्रकल्प करायचा होता. अम्मींचे म्हणणे एवढेच, की घरात बसून कंटाळा आला आहे, कुठेही न्या. जानेवारीतला रविवार होता. फजरनंतर लगेच निघालो. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, रांजनोली नाका, माणकोली आणि साकेतचा पूल ओलांडून माजिवड्याला पोहोचलो, तेव्हा ऊन नुकतेच वर आले होते.

कल्याणकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुर्गाडीच्या पुलाखाली जे पाणी दिसते, तेच पुढे घोडबंदरला भेटते. उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावते, कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवलीच्या अंगणातून वाहत येते आणि ठाण्याच्या उत्तरेला तिचे पाणी मोठ्या पात्राने वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीलाही जोडलेला आहे. आपण कल्याणात गटारात जे सोडतो, ते वाटेत कुठे नाहीसे होत नाही. ते खाली कोणाच्या तरी ताटात जाते. ते ताट माणसाचे असेल किंवा पाखराचे.

कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी नावे मागे पडत गेली. पाडे, बावड्या आणि वाघाच्या बिळाची ही नावे सांगतात की इथे अगदी परवापर्यंत गावे होती. आता चाळीस मजली इमारती आहेत. भाईंदरपाडा आणि नागला बंदर ओलांडले की इमारती जरा विरळ होतात, रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो आणि गायमुखला खाडी अगदी जवळ येते. तिथे आता छान चौपाटी बांधली आहे. लोक फिरायला येतात, मुले खेळतात.

पुढे घोडबंदर गावात पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला आहे. या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले. अरब व्यापारी जहाजांतून घोडे आणत, ते इथे उतरत, म्हणून घोडबंदर. १७३७ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. समुद्रापार अरबस्तानातून आलेल्या जनावरांवरून ज्या गावाला नाव पडले, तिथे आजही दूरदेशीचे पाहुणे उतरतात. फक्त ते जहाजाने येत नाहीत, पंखांनी येतात, आणि त्यांची नोंद कुठल्या जकात नाक्यावर होत नाही.

चिखल म्हणजे रिकामी जागा नव्हे

आम्ही गायमुखला पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी मागे सरत होते आणि कांदळवनाच्या पुढे काळपट चिखल उघडा पडत होता. अम्मींनी नाकाला पदर लावला. भावाने फोनवर बिल्डरचे माहितीपत्रक उघडले. त्यात निळेशार पाणी होते, चिखल कुठेच नव्हता.

पण चिखल नीट बघितला तर तो हलत असतो. त्यावर बारीक छिद्रे दिसतात, छोटे खेकडे आत-बाहेर करतात, निवट्या उड्या मारतात. आत किडे, गांडुळासारखे जीव, शिंपल्या आणि कालवांची पिल्ले भरलेली असतात. नदी डोंगरातून गाळ आणते, समुद्र दिवसातून दोनदा त्यावर पाणी फिरवतो, कांदळवनाची पाने त्यात कुजतात आणि या सगळ्यातून हे अन्न तयार होते. शेतकऱ्याला जशी काळी जमीन, तसा पाणपक्ष्यांना हा चिखल. त्याला पडीक म्हणणे म्हणजे नांगरलेल्या वावराला रिकामा प्लॉट म्हणण्यासारखे आहे.

त्या चिखलावर पांढरे बगळे होते. लाल पायांचे, राखाडी अंगाचे काही छोटे पक्षी शेपटी हलवत चालत होते. मुलीने आणलेल्या पुस्तकात बघून तिने त्यांना ओळखले. पण ज्याच्यासाठी आलो होतो तो काही दिसेना.

जवळच एक म्हातारे मच्छीमार जाळे नीट करत होते. आम्ही विचारले, "मामा, लांब सरळ चोचीचा, उंच पायांचा पक्षी येतो का इथे? थव्याने असतो."

ते म्हणाले, "पाखरे पुष्कळ येतात. नावे तुम्ही शिकलेल्यांनी ठेवायची. पण थवे बघायचे तर ठाण्याच्या खाडीला जा, ऐरोलीला. इथे आता पहिल्यासारखा गाळ राहिला नाही. आणि जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त लागतात."

अम्मींनी त्यांना चहाचा कप दिला. त्यांनी तो घेतला आणि जाळ्यात गुरफटलेली दुधाची पिशवी काढून आमच्यापुढे धरली. आणखी काही बोलले नाहीत.

गॉडविटची ओळख

पुढच्या रविवारी आम्ही ऐरोलीला गेलो. तिथे वन विभागाचे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून खाडीत बोटीच्या फेऱ्या होतात. फेरीची वेळ भरतीवर ठरते. पाणी पुरेसे चढल्याशिवाय बोट निघत नाही. बोटीत बहुतेक सगळे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला आलेले होते. गुलाबी थवे दिसताच सगळे मोबाईल एकदम वर झाले. साहजिक आहे. ठाण्याच्या खाडीत काही वर्षी एक लाखाहून जास्त रोहित मोजले गेले आहेत, आणि ते दृश्य बघून कोणाच्याही तोंडून सुबहानअल्लाह निघेल.

पण रोहितांच्या पायांशी, त्या गुलाबी गर्दीच्या कडेला, मातकट राखाडी रंगाचा दुसरा एक मोठा थवा होता. त्याच्याकडे कोणाचाही कॅमेरा वळला नाही. हाच आमचा पाहुणा. इंग्रजीत त्याला ब्लॅक-टेल्ड गॉडविट म्हणतात, म्हणजे काळ्या शेपटीचा गॉडविट. कोंबडीपेक्षा लहान अंग, साधारण ४० सेंटिमीटर लांबी, उंच काळपट पाय आणि वीतभर नाही पण त्याच्या मानाने फारच लांब अशी सरळ चोच. चोच मुळाशी गुलाबी आणि टोकाला काळी. बसलेला असताना अगदी साधा दिसतो. पण उडाला की पंखावर रुंद पांढरा पट्टा चमकतो, आणि पांढऱ्या बुडाखाली शेपटीची काळी पट्टी दिसते. पूर्ण थवा एकदम वळला की वाटते, कोणीतरी मोठी चादर झटकली.

त्याची चोच म्हणजे कुदरतची कमाल आहे. तिच्या टोकाला स्पर्शाची जाणीव असते. चिखलात चोच पूर्ण खुपसून तो आतला किडा डोळ्यांनी न बघता शोधतो आणि चोचीचे फक्त टोक आतल्या आत उघडून तो पकडतो. अंधारात हाताने चपला शोधाव्यात तसे. शिवणयंत्राची सुई चालावी तशी त्याची मान खालीवर होत असते. अम्मींना ही उपमा सुचली, कारण त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केले आहे. त्या म्हणाल्या, "बिचारा सकाळपासून टाके घालतोय."

हा पक्षी आपल्याकडे घरटे करत नाही. त्याचे घर उत्तरेकडे, युरोपपासून मध्य आशिया आणि सायबेरियापर्यंतच्या ओल्या कुरणांत आणि दलदलीत. तिथे उन्हाळ्यात जमिनीवरच गवतात साधे घरटे करतो. अंडी बहुधा चार. सुमारे तीन-साडेतीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि पहिल्याच दिवसापासून स्वतः किडे टिपू लागतात. थंडी पडण्याआधी थवे दक्षिणेला निघतात. आपल्याकडे ते साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत असतात. खाडीत, मिठागरांत, भातशेतीच्या पाण्यात, भिगवणसारख्या धरणाच्या काठी, असे जिथे मऊ ओली जमीन मिळेल तिथे. मध्य आशिया आणि सायबेरियातून हिमालय ओलांडून हिंदुस्थानात येणारा हा हवाई रस्ता तीस देशांवरून जातो. पक्षीशास्त्रात त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. व्हिसा नाही, टोल नाही, पण वाटेतला एकेक मुक्काम शाबूत हवा.

ताप नाही, पण कणकण आहे

जगातल्या प्राण्यांची तब्येत कशी आहे हे आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. तिची लाल यादी प्रसिद्ध आहे. त्या यादीत पायऱ्या आहेत. सर्वांत वर ज्यांची चिंता नाही असे. मग संकटाच्या जवळ आलेले. मग असुरक्षित, मग धोक्यात असलेले, मग अतिधोक्यात असलेले आणि शेवटी नामशेष. गॉडविट २००६ पासून संकटाच्या जवळ आलेल्यांच्या पायरीवर आहे. घरगुती भाषेत सांगायचे तर थर्मामीटरमध्ये ताप दिसत नाही, पण अंगात कणकण आहे आणि मूल जेवत नाही. अशा वेळी कोणतीही आई "ताप चढू दे, मग बघू" असे म्हणत नाही.

एक गोष्ट कळली तेव्हा आम्हाला नवल वाटले. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहितांच्या दोन जाती आहेत, मोठा आणि छोटा. त्यातला छोटा रोहित याच पायरीवर आहे. म्हणजे ज्याच्यासाठी लोक तिकीट काढून बोटीत बसतात आणि ज्याच्याजवळून जाताना कोणी बघतही नाही, त्या दोघांची प्रकृती यादीत सारखीच लिहिली आहे.

आता गॉडविटचे लाखो पक्षी जगात आहेत. मग चिंता कशाची? चिंता संख्येपेक्षा दिशेची. नेदरलँड्स या देशाने याला आपला राष्ट्रीय पक्षी मानले आहे. तिथे १९६०च्या दशकात याच्या एक लाखाहून अधिक जोड्या घरटी करत. आज त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास उरल्या आहेत. बंदूक हे त्याचे मुख्य कारण नाही. कुरणांतले पाणी उपसून जमीन कोरडी केली, जास्त खत घालून गवत लवकर वाढवले आणि ते यंत्राने लवकर कापले जाऊ लागले. पिल्ले अजून उडायला शिकलेली नसतात तेव्हाच पाते फिरते. लोकांना दूध जास्त मिळाले, त्याची किंमत पाखरांनी दिली. उलट आइसलंडमध्ये घरटी करणारे याच जातीचे गॉडविट गेल्या शतकात वाढले. म्हणजे हा पक्षी दुबळा नाही. जागा मिळाली तर तो वाढतो.

चिखलावर जगणाऱ्या त्याच्या भाऊबंदांची बातमी अधिक वाईट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लाल यादीत किनाऱ्यावरच्या अनेक स्थलांतरी पक्ष्यांना खालच्या पायरीवर उतरवावे लागले. त्यातला वाकड्या चोचीचा छोटा कर्ल्यू सँडपायपर आणि रुंद चोचीचा सँडपायपर हे दोन्ही हिवाळ्यात आपल्या मुंबई-ठाण्याच्या चिखलावर येतात. दोघेही आता असुरक्षित ठरले आहेत. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कुळातला एक पक्षी, बारीक चोचीचा कर्ल्यू, जगातून कायमचा गेला असे अधिकृतपणे जाहीर झाले. तो सायबेरियात घरटी करी आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्राभोवतीच्या पाणथळीत उतरे. त्याची शेवटची पक्की नोंद मोरोक्कोतल्या मर्जा झर्का या खाजणातली, १९९५ सालची. त्यानंतर माणसे वर्षानुवर्षे त्या काठावर दुर्बिणी लावून बसली. तो आला नाही.

मुलीने विचारले, "मग त्याला शेवटचा कोणी बघितला त्याला माहीत होते का, की हा शेवटचा आहे?"

कोणालाच उत्तर देता आले नाही. अशा गोष्टी त्या क्षणी कळत नाहीत. मागाहून कळतात.

आपल्याकडे काय बिघडते

सायबेरियातले कुरण आपल्या हातात नाही. पण थवा वर्षातले सहा-सात महिने आपल्या दारात असतो, तेवढे आपल्या हातात आहे.

या पक्ष्याला दोन जागा लागतात. एक खाण्याची, दुसरी बसण्याची. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा तो खातो. भरतीला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा त्याला जवळच एखादी उथळ, मोकळी, शांत जागा लागते. मिठागर, तलाव, खाजणाचा बांध. तिथे तो एका पायावर उभा राहून पाणी उतरायची वाट बघतो. आपल्याकडे भराव पडतो तो बहुधा याच दुसऱ्या जागेवर. मिठागर बंद पडले, तलावाचे पाणी अडवले, राडारोडा टाकला की लोक म्हणतात, खाडी तर आहे ना अजून. खाडी आहे, पण दुपारी पाठ टेकायला ओटा उरला नाही. भरतीला सतत उडत राहिलेला पक्षी अंगावरची चरबी जाळतो. एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर जायचे तर तीच चरबी त्याचे पेट्रोल आहे.

दुसरी गोष्ट सांडपाणी आणि गाळ. शहराचा मैला, कारखान्यांचे पाणी आणि बांधकामाची माती खाडीत येते, पात्र उथळ होते आणि उघड्या चिखलावर कांदळवन पसरते. कांदळवन चांगलेच आहे. ते वादळ आणि पूर अडवते, मासळीची पिल्ले वाढवते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्याच्या तोडीविरुद्ध कडक आदेश दिले, आणि २०१२ पासून राज्यात त्यासाठी वन विभागाचा वेगळा कांदळवन कक्ष आहे. पण गॉडविट झाडात चरत नाही. त्याला उघडा चिखल लागतो. म्हणून "एक झाड तोडले तर दहा लावू" हा हिशेब इथे पुरता जुळत नाही. झाडे चुकीच्या जागी, मोकळ्या चिखलावर लावली, तर झाडांची भरपाई होते आणि पाखरांचे ताट जाते.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये तिची गणना झाली. महाराष्ट्रात हा मान त्याआधी फक्त नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांना मिळाला होता. रोहितासाठी राखलेल्या या जागेत गॉडविटलाही आसरा मिळतो. पण हे सगळे ठाण्याच्या दक्षिणेकडच्या खाडीचे झाले. घोडबंदरच्या बाजूच्या उल्हासच्या मुखाला अभयारण्याचे नाव नाही. तिथे किनारा नियमन आणि कांदळवनाचे कायदे आहेत, आणि समोर जमिनीचे भाव.

फ्लॅटची गोष्ट

ऐरोलीहून परतताना गाडीत वाद झाला. बाळकुमपासून गायमुखपर्यंत खाडीच्या काठाने सुमारे १३ किलोमीटरचा नवा किनारा मार्ग होतो आहे. भाऊ म्हणाला, "तो झालाच पाहिजे. मागच्या वर्षी माझ्या मित्राच्या वडिलांना ॲम्ब्युलन्समधून नेताना मानपाड्याला पाऊण तास गेला. त्या वेळी पाखरे आठवतील का कोणाला?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. या रस्त्यावर राहणाऱ्या लाखो लोकांचे हाल खरे आहेत. रोज तीन तास गाडीत काढणाऱ्या आईला चिखलाचे महत्त्व सांगायला जाणे बरे दिसत नाही.

मुलगी म्हणाली, "चाचू, पण तुम्ही फ्लॅटला दहा लाख जास्त कशाचे देताय? खाडी दिसते म्हणून ना? मग मधे रस्ता आणि भराव आला, पाणी काळे झाले, पाखरे गेली, तर दहा लाखांत दिसणार काय?"

भाऊ हसला, पण गप्प झाला. अम्मी म्हणाल्या, "दोघांचे बरोबर आहे. रस्ता करा, पण ताट लाथाडून करू नका. खांबावर करा, भराव टाकू नका, पाण्याला वाट ठेवा. आमच्या वेळी विहिरीवर घर बांधत नसत. विहीर सोडून बांधत."

आमच्या मते यात पुष्कळ काही आले. प्रश्न रस्ता की पक्षी असा नाही. चिखलाला पाणी येण्याजाण्याची वाट राहते की नाही, भरतीला बसायची जागा शिल्लक राहते की नाही आणि नाल्यांचे पाणी शुद्ध होऊन खाडीत जाते की नाही, हे प्रश्न आहेत. पाणी पसरायची जागा बुजली तर पावसाळ्यात भरतीच्या वेळी ते कुठे शिरते, हे ठाणे आणि कल्याणच्या सखल वस्त्यांना विचारायला नको. गॉडविटची जागा राखणे हे आपल्या तळमजल्याची जागा राखणेही आहे.

भावाने फ्लॅट घेतला की नाही, तर अजून ठरलेले नाही. पण त्याने बिल्डरच्या माणसाला पहिला प्रश्न विचारला तो पार्किंगचा नव्हता. "तुमच्या इमारतीचे सांडपाणी कुठे जाते, तुमचे शुद्धीकरण केंद्र चालू आहे का, ते दाखवा," असे तो म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाईकाने हा प्रश्न विचारला तर पुष्कळ फरक पडेल.

आपल्याच घरातला वारसा

पाखरांचा नाद हा रिकामटेकड्यांचा, असे आपल्या घरांत अजून म्हटले जाते. त्यांना डॉ. सलीम अली यांची आठवण करून द्यावी. १८९६ मध्ये मुंबईतल्या बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरात ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि ही कुठली चिमणी, असे त्या मुलाने विचारले. मामांनी उडवून लावले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे चिठ्ठी देऊन पाठवले. त्या एका प्रश्नातून पुढे हिंदुस्थानातला सर्वांत मोठा पक्षीशास्त्रज्ञ घडला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि सामान्य माणूस पाखरे नावाने ओळखू लागला. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून ते कुठून कुठे जातात हे शोधण्याचे मोठे काम सोसायटीने १९५९ नंतर हाती घेतले, त्यामागे तेच होते. आज ठाण्याच्या खाडीत कोणी गॉडविट मोजतो तेव्हा तो त्यांच्याच वाटेने चालत असतो.

मुलाने विचित्र प्रश्न विचारला तर त्याला चिठ्ठी देऊन योग्य दाराशी पाठवायचे. मामांनी एवढेच केले होते.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

वाचकहो, नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. काठावरून बघायचे असेल तर भरती चढत असताना जा. पाणी चढत जाते तसे पक्षी काठाकडे सरकतात आणि साध्या दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसतात. ऐरोलीच्या बोटीची वेळ आधी विचारून घ्या. लहान मुले आणि वडीलधारे असतील तर टोपी आणि पाणी सोबत ठेवा. उंचावरून ड्रोन उडवू नका. थवा उडाला की फोटो छान येतो, पण त्याचे तेल जळते. पक्ष्यांना गाठ्या आणि फरसाण टाकू नका. ते पुण्य नाही, आजार आहे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच राहू द्या. असले बारीक तुकडेच गटारातून खाडीत जातात.

दर वर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि तिच्यात साधी माणसेही भाग घेतात. मोजता येणे एवढीच पात्रता. कल्याण, भिवंडी, मुंब्रा आणि राबोडीतल्या आपल्या मुलामुलींनी शाळेच्या सरांबरोबर जावे. दुर्गाडीच्या पुलाखालीही मोजण्यासारखे पक्षी असतात. आकडा लहान आला तरी तो लिहून द्यावा, कारण पक्षी कमी झाले हे कळायलासुद्धा आधी कोणीतरी मोजलेले असावे लागते.

एप्रिल जवळ आला की या राखाडी पक्ष्याच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढू लागतो. आपल्याकडे त्याला कोणी बघत नाही तेव्हा तो घरच्या लग्नसराईची तयारी करत असतो. मग एका संध्याकाळी, भरती उतरू लागली की थवा उठतो, एक फेरी मारतो आणि उत्तरेला निघतो. सप्टेंबरात तो परत येईल तेव्हा त्याला तोच चिखल शोधायचा असेल, जो त्याने गेल्या वर्षी सोडला होता. तो तिथे असावा, एवढीच मेजबानी आपल्याकडून त्याला हवी आहे.